कुत्र्याला जुलाब झालेत, घरात उरलेली मेट्रोनिडाझोलची गोळी देऊ का?

नका देऊ. आपल्याकडे लूज मोशन म्हटलं की हीच अँटिबायोटिक गोळी हे डोक्यात बसलंय, पण कुत्र्यांचे साधे जुलाब बहुतेक वेळा अँटिबायोटिकशिवाय दोन-चार दिवसांत थांबतात, रस्त्यावरचं काहीबाही खाल्लेलं असतं किंवा खाणं अचानक बदललेलं असतं. पाणी भरपूर, उकडलेलं बिनमसाल्याचं चिकन आणि मऊ भात थोडा थोडा द्या. गोळी उगाच दिली तर पोटातले चांगले जंतू मरतात, आणि डोस जास्त झाला तर कुत्रा झोकांड्या खातो, डोळे थरथरतात. (शिवाय कडू इतकी की चावली तर तोंडाला फेस!)

पण पिल्लू असेल, लस झालेली नसेल, रक्त किंवा उलट्या असतील तर आजच व्हेटकडे, पार्वो (कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) असू शकतो.