२५ वर्षं जुनी निसान स्कायलाईन जपानहून भारतात आणता येते का?

तुम्ही खारघरचे. १९९९ ची आर३४ (स्कायलाईनचंच एक मॉडेल) हवी आहे, "पंचवीस वर्षं झाली, आता क्लासिकमध्ये सुटते" असं एजंट सांगतोय, आणि एकूण खर्च किती येईल हे तुम्हाला विचारायचंय. खर्चाचं नंतर बघू. तो एजंट थापा मारतोय.

पंचवीस वर्षांचा नियम अमेरिकेचा. तिथे गाडी २५ वर्षांची झाली की त्यांच्या सुरक्षा मानकांतून सुटते, म्हणून २०२४ पासून तिथे आर३४ वर उड्या पडताहेत. कॅनडात १५ वर्षं पुरतात. आपल्याकडे नेमकं उलटं: वापरलेली गाडी उत्पादनापासून तीन वर्षांहून जुनी चालत नाही. शिवाय आयात मुंबई बंदरातूनच, आणि सोडवण्याआधी पुण्याच्या एआरएआय किंवा नगरच्या व्हीआरडीईसारख्या वाहन-चाचणी संस्थेत तपासणी. तुमची गाडी पहिल्याच अटीला बाद.

मी न्हावा शेवाला सीएचएकडे, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवणाऱ्या एजंटकडे, कागदपत्रं बघतो, राहायला ठाण्यात. हा प्रश्न वाचून डोकं फिरलं ते आमच्या भावोजींमुळे. कळंबोलीत लोखंडाचा धंदा, हात सढळ. त्यांनाही एकाने हेच पंचवीस वर्षांचं गाजर दाखवलं. निळी जीटी-आर, म्हणजे स्कायलाईनमधली सगळ्यात वरची, कंटेनर द्रोणागिरीच्या यार्डात येऊन पडलाय, फक्त टोकन द्या. पुरावा काय, तर बंद दाराचा आणि सीलचा फोटो! मी म्हटलं, जपानचा निर्यात दाखला मागवा. आला. त्यावर चेसिस नंबर ईआर३४ ने सुरू होत होता. जीटी-आरचा बीएनआर३४ ने सुरू होतो. ईआर३४ म्हणजे खालची स्कायलाईन. तिला जीटी-आरचा बंपर नि बॅज लावला की फोटोत भलेभले फसतात.

हे मी ताईसमोर बोललो. भावोजी भडकले. "तुला कुणाचं बरं झालेलं बघवत नाही. खजूर नि भंगाराचे आयातीचे फॉर्म, बिल ऑफ एन्ट्री, भरणारा तू, तुला गाड्यांतलं काय कळतं?" टोकन दिलंच. मग एजंटची सुरुवात: कस्टम्सचे साहेब बदलले, सिस्टिम बंद आहे, आता कारनेटवर काढू. कारनेट म्हणजे पर्यटकाने गाडी काही महिन्यांपुरती आणायची आणि परत न्यायची सोय. ती वाशी आरटीओत तुमच्या नावावर चढत नाही, आणि मुदतीत परत गेली नाही तर कस्टम्स ड्युटी वसूल करतं, गाडीही जप्त करतं. त्यानंतर फोन बंद.

आता दर गणपतीत, मोदक वाढले जात असताना, भावोजी सगळ्यांना ऐकवतात, "याने साहेबांकडे शब्द टाकला असता तर गाडी सुटली असती." भावोजी, वाचत असाल तर ऐका: तीन वर्षांची अट डीजीएफटीची, म्हणजे केंद्राच्या परकीय व्यापार खात्याची, ती दिल्लीत ठरते. इथला कुठलाही साहेब ती सही करून मोडत नाही. आणि त्या गाडीचं बिल ऑफ एन्ट्रीच कधी दाखल झालं नव्हतं. सुटायला आधी अडकावी लागते.

हां, एक राहिलं. २०२५ पासून ५० वर्षांवरच्या गाड्या परवान्याशिवाय आणता येतात. म्हणजे १९७० च्या आसपासची हाकोसुका स्कायलाईन किंवा फेअरलेडी झेड चालेल. त्यानंतरच्या आर३२ स्कायलाईनसाठी २०३९, तुमच्या आर३४ साठी २०४९. तेव्हाही व्हिंटेज नोंदणीच करायची म्हटलं तर नंबरात व्हीए ही अक्षरं येतील आणि रोज पाम बीच रोडवर हुंदडता येणार नाही.

खर्च: ड्युटीच गाडीच्या किमतीहून जास्त, त्यावर जीएसटी वेगळा. पण येणारच नाही त्या गाडीचा हिशोब काय मांडायचा? जीटी-आरच हवी असेल तर निसानने २०१६ मध्ये आर३५ जीटी-आर इथे अधिकृत विकायला आणली होती, त्यातली सेकंडहँड बघा. आणि तुमच्या एजंटकडे आज पूर्ण चेसिस नंबर मागा. दिला तर इथे टाका, कुठली स्कायलाईन आहे ते मी सांगतो.