‘मात करणे’ वापरताना

बातमी किंवा सामन्याचं वर्णन लिहायला नुकतीच सुरुवात केली असेल, तर ‘मात’ आधी नीट बसवा. शब्द बुद्धिबळातला, स्त्रीलिंगी. म्हणून ‘मात केली’. हरलेल्याला ‘-वर’ लागतो: ‘तिने गतविजेतीवर मात केली.’ ‘गतविजेतीला मात दिली’ ही हिंदीची वळणं, ती टाळाच. आजार, संकट, भीती यांवरही मात करता येते.

मात म्हणजे निकाल लागला. खेळ अजून चालू असेल तर ‘वरचढ’ घ्या: ‘पहिल्या डावात पाहुणा संघ वरचढ ठरला.’ हा शब्द लिंग-वचनानुसार बदलत नाही, त्यामुळे ‘वरचढी’ किंवा ‘वरचढे’ करू नका. तुलना ‘-पेक्षा’ने करा.

‘कुरघोडी’ मात्र जपून. तीही ‘-वर’च करतात, पण तिच्यात डावपेचाचा वास आहे. सरळ गुणांवर जिंकलेल्या खेळाडूने ‘कुरघोडी केली’ लिहिलंत, तर नकळत त्याच्या यशावर शिंतोडे उडतात. ‘बाजी मारली’मध्ये सहसा प्रतिस्पर्धी येत नाही, फक्त स्पर्धा येते: ‘अंतिम फेरीत बाजी मारली’. शर्यतीत नुसतं पुढे जाणं सांगायचं असेल, तर ‘मागे टाकलं’ पुरेसं आहे.