प्लेअर पोराचा, कॅसेटी आईच्या

प्रश्न : मी नागपुरात, मनीषनगरात राहते. वय ६८, शाळेतून निवृत्त. ह्यांनी आकाशवाणीवरून, विशेषतः शनिवार रात्रीच्या राष्ट्रीय संगीत सभेतून टेप केलेल्या दोनशेच्या वर कॅसेटी घरात होत्या. हे गेल्यावर भाच्याने त्या सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या. एक साइड म्हणजे एक फाइल, आणि फोल्डर अगदी ह्यांच्या कपाटातल्या क्रमाने. चार वर्षं मी सुखाने ऐकत होते. दिवाळीत मुलगा पुण्याहून आला, कॉम्प्युटरवर गाणी वाजवणारा जुना प्रोग्राम, म्हणजे प्लेअर, काढून नवा टाकून गेला. आता फोल्डर दिसत नाहीत, जिथे तिथे ‘अननोन आर्टिस्ट’. एक राग संपता संपता दुसरा त्याच्या अंगावर चढतो. स्क्रीनवरची प्लेअरची खिडकी बंद केली तरी गाणं सुरूच. परवा शेजारीण विचारून गेली, “काकू, तुमच्याकडे रात्रभर कोण गाऊन राह्यलं होतं?” मुलगा फोनवर म्हणतो, “आई, हेच डिफॉल्ट आहे, सगळे असंच वापरतात, सवय कर.” सवय मी करायची की प्लेअरने?

उत्तर : ताई, प्लेअरने. एका बाबतीत मात्र मी तुमच्या मुलाच्या बाजूचा आहे. ते थोडं पुढे सांगतो, नाहीतर तुम्ही इथेच मासिक मिटवाल.

आधी ते अंगावर चढणं. त्याला क्रॉसफेड म्हणतात. गाणं संपायला पाच-सात सेकंद उरले की त्याचा आवाज उतरवायचा आणि त्याच वेळी पुढच्याचा चढवायचा. लग्नाच्या हॉलमध्ये नाचणाऱ्यांचे पाय थांबू नयेत म्हणून ही युक्ती झकास आहे. तुमच्या घरात काय होतं? बुवा तिहाई घेऊन समेवर येतात, शेवटचा सा अजून हवेत आहे, तेवढ्यात पुढच्या फाइलमधल्या बाईंचा तानपुरा आत घुसतो. बुवांचा सा काळी एक, बाईंचा काळी चार. पाच सेकंद दोन तानपुरे एकमेकांशी भांडतात. ज्याला सूर कळतो त्याला ते दातांत वाळू आल्यासारखं लागतं.

शिवाय तुमच्या फाइली म्हणजे गाणी नाहीत, कॅसेटच्या बाजू आहेत. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. राग तासभर चालला तर यजमानांना मध्येच उठून कॅसेट पालटावी लागली असणार. म्हणजे साइड ए तानेच्या मध्यात तुटते आणि साइड बी दुसऱ्याच तानेच्या मध्यात सुरू होते. क्रॉसफेड तिथे इस्त्री फिरवायला जातो आणि हाती राहिलेल्या तानेतलेही चार-पाच सेकंद खातो. प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये जा, क्रॉसफेड शून्यावर आणा. बाजूला ‘गॅपलेस’ असं काही दिसलं तर त्याला हात लावू नका, तो वेगळा प्रकार आहे. एमपी३ बनवताना फाइलच्या पुढेमागे सेकंदाच्या काही शतांशांची शांतता चिकटते. गॅपलेस तेवढीच काढतो, गाणं नाही.

आता ‘सगळे असंच वापरतात’. मी सीताबर्डीत तेवीस वर्षं कॉम्प्युटर जोडून विकले. त्या अनुभवावरून सांगतो, सगळे तसं वापरतात कारण सेटिंगच्या पानावर कोणी जातच नाही. डिफॉल्ट म्हणजे आधीपासून लावून ठेवलेलं सेटिंग, आणि त्यामागे प्लेअर बनवणाऱ्याने डोळ्यांसमोर धरलेला गिऱ्हाईक. तो बहुधा तीन-चार मिनिटांची हजार गाणी एका माळेत ऐकणारा पोरगा असतो. आणि डिफॉल्ट काही वेदवाक्य नव्हे. २०२१ मध्ये अडेल या गायिकेने म्हटलं की अल्बममधली गाणी आम्ही विचार करून एका क्रमाने लावतो, ती उलटसुलट कशाला वाजवता? त्यावर इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफायने अल्बमच्या पानावर शफल, म्हणजे गाणी पिसून वाजवणं, आपोआप लागण्याची पद्धत बंद केली. विनअँप नावाच्या जुन्या प्लेअरवाल्यांनी २००२ मध्ये तिसरी आवृत्ती काढली, ती जड आहे म्हणून लोक दुसरीच वापरत बसले. मग २००३ मध्ये दोन्हींचा मेळ घालून पाचवी काढावी लागली, दोन अधिक तीन पाच. तेव्हा मुलाला सांगा, कंपन्यासुद्धा ऐकतात.

माझी स्वतःची फजिती सांगतो. आमच्या इमारतीच्या गणपतीत आरत्या लॅपटॉपवर लावायचं काम माझ्याकडे. फाइलींची नावं मी कौतुकाने देवनागरीत लिहिली होती. बटण दाबलं, लोक टाळ घेऊन उभे, आणि स्पीकरमधून पहिलंच ‘घालीन लोटांगण’! प्लेअरने नावं अक्षरांच्या क्रमाने लावली होती. घ आधी, स शेवटी, त्यामुळे ‘सुखकर्ता’ पार तळाला. निम्मी मंडळी गोल फिरलीसुद्धा. एक आजोबा म्हणाले, “काहून बे, आत्ता तर आलो, लगेच प्रसाद?” तेव्हापासून मी प्रत्येक नावाआधी आकडा लिहितो, आणि तोही ०१, ०२ असा दोन अंकी. नुसता १, २ लिहिला तर काही ठिकाणी १० हा २ च्या आधी येऊन बसतो.

आता तुम्हाला न आवडणारं. फोल्डरसाठी अडून बसू नका, इथे मुलाचं बरोबर आहे. नवा प्लेअर फाइल कुठल्या फोल्डरात आहे ते बघत नाही, फाइलच्या पोटातली चिठ्ठी वाचतो. तिला टॅग म्हणतात. १९९६ साली ही सोय निघाली तेव्हा फाइलच्या शेपटीला १२८ बाइटची जागा होती आणि नावाला ३० अक्षरं, तीही रोमन. ‘पंडित’ आणि घराणं लिहीपर्यंत जागा संपायची. आताच्या टॅगमध्ये देवनागरी नीट बसते. तुमच्या भाच्याने चिठ्ठ्या कोऱ्या ठेवल्या, म्हणून सगळे कलाकार अनोळखी झाले. चिठ्ठ्या भरल्या तर एकाच गायिकेच्या पाच कॅसेटी, ज्या कपाटात पाच ठिकाणी आहेत, एका क्लिकमध्ये समोर येतील. यजमानांच्या कपाटाला हे जमत नव्हतं.

एमपी३टॅग नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो फाइलच्या नावावरून चिठ्ठी भरतो. पण रागासाठी टॅगमध्ये रकानाच नाही. ठुमरी-ख्यालाचं कोणाच्या डोक्यात असणार! मी राग ‘अल्बम’च्या रकान्यात लिहितो : ‘मारवा, कॅसेट ३४’. साइड ए ला ट्रॅक १, बी ला २. दोन्ही बाजू आपोआप एकत्र राहतात. भावगीतं असतील तर संगीतकार आणि गीतकार यांचेही रकाने टॅगमध्ये आहेत, फक्त प्लेअर ते बहुधा लपवून ठेवतो. आपल्याकडे ‘चाल कोणाची’ हे विचारल्याशिवाय गाणं पुढे सरकत नाही. यादीच्या मथळ्यावर उजवं बटण दाबलं की बहुतेक ठिकाणी ते रकाने सापडतात.

आवाजाची पातळी सारखी करणारं सेटिंगही चालू असेल. ते ‘ट्रॅक’वर असलं तर प्रत्येक फाइलचा आवाज वेगळा मोजून एका पातळीला आणला जातो, म्हणजे साइड ए वरची संथ आलापी साइड बी वरच्या द्रुताइतकी मोठी होऊन बसते. ‘अल्बम’वर ठेवा, किंवा बंदच करा.

रात्रभर गाणाऱ्याचा इलाज सोपा आहे. खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबली तरी प्लेअर जात नाही, घड्याळाजवळच्या छोट्या चिन्हात जाऊन बसतो. त्या चिन्हावर उजवं बटण, मग ‘एक्झिट’. सेटिंगमध्ये ‘फुली दाबली की लहान हो’ अशा अर्थाची खूण असते, ती काढा.

एवढं करूनही जमत नसेल तर व्हीएलसी नावाचा प्लेअर टाका, तो संत्र्याच्या रंगाच्या शंकूचा. त्यात क्रॉसफेडची भानगड नाही आणि फुली म्हणजे फुली. त्याच्या सेटिंगमध्ये ‘अर्धवट राहिलं तिथून पुढे लावू का’ याला तीन उत्तरं आहेत : कधीच नाही, विचारून, नेहमी. पाऊण तासाच्या बाजू ऐकणाऱ्याने ‘नेहमी’ निवडावं. त्याची आवाजाची पट्टी १२५ टक्क्यांपर्यंत जाते, पण शंभरच्या वर नेऊ नका, जुन्या टेपची खरखर तिथेच फुगते. फूबार२००० हाही चांगला आहे, पण दिसायला पटवाऱ्याच्या रजिस्टरसारखा. मला आवडतो, तुम्हाला आवडेलच असं नाही. मुलाचा प्लेअर काढू नका, तो आल्यावर त्याला लागेल. एका कॉम्प्युटरवर दोन प्लेअर सुखाने नांदतात.

अजून एक. कॅसेटच्या डबीतल्या कागदावर यजमानांनी राग, तारीख, साथीला कोण असं लिहिलेलं असणारच. मोबाइलने त्याचा फोटो काढा आणि अल्बमच्या चित्राच्या जागी लावा, ती सोय एमपी३टॅगमध्ये आहे. टॅग भरायला मुलाला बसवा, फोटो तुम्ही काढा. गच्चीवरच्या उन्हात काढू नका, कागद चमकतो. खिडकीशी, सावलीत. आणि बॉलपेनची शाई फिकी झाली असेल तर जे वाचता येतं ते आधी वहीत उतरवून घ्या, कारण ते अक्षर वाचणाऱ्या आता घरात तुम्हीच आहात.