जुन्या फर्ग्युसनच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल ओघळते. सुई बदलूनही थांबत नाही, तर नवीन कार्बोरेटर घ्यावा का?

आपण लिहिले आहे की आजोबांच्या फर्ग्युसन ट्रॅक्टरला फ्लोटची (कार्बोरेटरच्या भांड्यात पेट्रोलवर तरंगून, पातळी भरली की सुई वर दाबून पेट्रोलची वाट बंद करणाऱ्या भागाची) सुई आणि ती जिथे टेकते ती सीट दोन्ही नवीन बसवली, तरी टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडल्यावर पाच मिनिटांत हवेच्या तोंडातून पेट्रोल टपकू लागते, आणि गॅरेजवाले आता अख्खा कार्बोरेटर बदलायला सांगत आहेत. माझे स्पष्ट मत आहे की फ्लोट काढून कानाशी हलवून पाहिल्याशिवाय आणखी एक रुपयाही खर्च करू नका. याच दुखण्यापायी आमचा ट्रॅक्टर दोन वर्षे चिंचेखाली उभा राहिला आणि त्याचा दोष माझ्या माथी आला, म्हणून इतक्या ठामपणे लिहितो.

आमचे गाव विट्याजवळ, खानापूर तालुक्यात. वडिलांनी जुना घेतलेला करड्या रंगाचा टीई-२० हा इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात बनलेल्या मालिकेतला, पेट्रोलवर चालणारा. त्याची टाकी इंजिनाच्या वर असते आणि पेट्रोल केवळ स्वतःच्या भाराने खाली येते, त्यामुळे सुई नीट बसली नाही तर टाकी संपेपर्यंत गळती थांबत नाही. १९९४ साली शाळूच्या मळणीच्या वेळी दुपारी तासभर जेवायला गेलो आणि परत येऊन पाहतो तो खळ्यावरची माती पेट्रोलने भिजलेली, टाकी जवळजवळ रिकामी. कॉक मी उघडा ठेवला होता हे खरे आहे. थोरल्या बंधूंनी सर्वांसमोर ठरवून टाकले की नुकसान माझ्या निष्काळजीपणामुळे झाले, आणि वडिलांनीही तेच धरले.

त्यानंतर तालुक्याच्या एका मिस्त्रींनी तीन वेळा सुई बदलली. प्रत्येक वेळी ते झाकण उलटे धरून पेट्रोलच्या नळीत फुंकर मारत, हवा जात नाही असे दाखवत आणि सुई निर्दोष असल्याचे सांगत. ती खरोखरच निर्दोष होती. आमच्या ट्रॅक्टरवर आधीच्या मालकाने झाकणाला बिजागरीने फ्लोट टांगलेला कार्बोरेटर बसवला होता. झाकण उलटे केले की फ्लोटचे वजन सुईवर येते आणि ती घट्ट बसते. फ्लोटच्या पोटात पेट्रोल शिरलेले असेल तर तो अधिकच जड होतो आणि ही परीक्षा अधिकच चांगली उतरते, मात्र प्रत्यक्ष भांड्यात तो वर येतच नाही. आपल्या गॅरेजमध्येही हीच फुंकर मारली गेली असावी, अशी मला दाट शंका आहे.

दोष सापडला तो मामांना. आमच्या भागातील असंख्य लोकांप्रमाणे त्यांचे आयुष्य परराज्यात सोन्याचांदीच्या गलाईत, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात, गेले होते. दिवाळीला आले असता त्यांनी तो पितळी फ्लोट कानाशी हलवला आणि मग कढत पाण्यात बुडवून धरला. सांध्यापाशी बारीक बुडबुड्यांची रेघ निघाली. त्यांनी समोरच्या बाजूला सुईच्या टोकाएवढे दुसरे भोक पाडून आतले पेट्रोल निथळू दिले आणि चार दिवस फ्लोट उन्हात ठेवला, कारण आत वाफ राहिली असता आच दाखवली तर भडका उडतो. मग सांध्याला कथलाचा डाक दिला आणि दुसरे भोक फ्लोट पूर्ण थंड झाल्यावर शेवटी बुजवले, नाहीतर आतली तापलेली हवा ओला डाक बाहेर ढकलते. चांदी जोखायच्या काट्यावर पाहिले तेव्हा दुरुस्तीआधीचा फ्लोट जवळपास बारा ग्रॅमने जड होता असे दिसले. जास्तीचा डाकही त्यांनी कानशीने घासून काढला, कारण फ्लोट जड झाला की पेट्रोलची पातळी चढते. त्यानंतर ट्रॅक्टर सात वर्षे चालला आणि एक थेंबही गळला नाही. बंधू मात्र आजही तिसऱ्या सुईलाच श्रेय देतात.

आपला फ्लोट कोरडा निघाला तर सीटखालचा वायसर पाहा. नवीन वायसर जुन्यापेक्षा पातळ असेल तर सीट वर सरकते, सुई उशिरा बंद होते आणि पातळी चढते. हे सुटे भाग बदलणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच येते. टाकीतला गंजही धुऊन काढा. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुना थर सोडवून सुईखाली आणते आणि रबरी टोकाची सुई त्यात फुगू शकते. फ्लोट बुचाचा असेल तर वरील डाकाचा उपाय लागू होत नाही, हे आधीच सांगायला हवे होते. इंजिनाच्या ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ते बदलल्याशिवाय इंजिन फिरवू नका. नवीन कार्बोरेटरचा विचार मी थ्रॉटलच्या (इंजिनाचा वेग कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) दांड्याची भोके झिजून ढिली झाली असतील तरच करीन.

रात्री कॉक अवश्य बंद करावा. तापलेल्या मॅनिफोल्डखाली पेट्रोल टपकणे धोक्याचेच आहे. परंतु दुपारच्या तासाभरात टाकी रिकामी होत असेल तर बिघाड कार्बोरेटरमध्ये असतो, कॉक उघडा ठेवणाऱ्या माणसात नव्हे, आणि हे मी त्या दिवशी खळ्यावर उभे राहून सांगितले होते.