पार्ट नंबर एकच, ओतकाम वेगळं: पोर्टिंगला कुठलं हेड घ्यावं?

तुमच्याकडे इंजिनची अ‍ॅल्युमिनियमची दोन सिलेंडर हेड आहेत. पार्ट नंबर एकच, शेवटचं अक्षर तेवढं वेगळं. एक वाळूत ओतलेलं, दुसरं ग्रॅव्हिटी डायमधलं, म्हणजे लोखंडी साच्यात नुसतं ओतून केलेलं. पोर्टिंगला (हवा आत-बाहेर जायच्या वाटा, म्हणजे पोर्ट, घासून मोठ्या करायला) कुठलं घ्यावं आणि तसंच बेळगावच्या उद्यमबागेत ओतून मिळेल का, असं विचारलंय.

अक्षर बदललं म्हणजे पॅटर्नमध्ये (साचा उठवायच्या नमुन्यात) किंवा कोअर बॉक्समध्ये (आतली पोकळी करणारा वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, ज्यात बनतो त्यात) बहुधा काहीतरी बदललं. काय बदललं ते अक्षर सांगत नाही. पोर्टचा आकार बदललेला असेल, वॉटर जॅकेट (थंड करणाऱ्या पाण्याची पोकळी) सरकवलेलं असेल, नाहीतर नुसता एका बॉसवर (धातूच्या उंचवट्यावर) मशीनिंगसाठी जास्त माल ठेवला असेल. म्हणून मोजायला लागतंय.

डायचं हेड बाहेरून गुळगुळीत दिसतं, पण त्यावर भुलू नका. वळणाचे पोर्ट आणि वॉटर जॅकेट तिथेही वाळूच्या कोअरनेच होतात, त्यामुळे आतून दोन्ही खरबरीतच. डायमध्ये धातू लवकर गोठतो, दाणा बारीक येतो, मापं एकसारखी राहतात. उलट भिंती पातळ ठेवलेल्या असू शकतात. वाळूच्या हेडात माल जास्त असला तरी कोअर सरकलेला असला की एका बाजूला ६ मिमी आणि समोर ३.५ मिमी अशी भिंत निघते. पोर्टिंगला सगळ्यात पातळ जागा काय, तेवढंच बघायचं.

कोअर सरकलाय का हे टॉर्चने कळतं. व्हॉल्व्ह काढा आणि सीटच्या (व्हॉल्व्ह बसतो त्या कड्याच्या) खालच्या बाऊलमध्ये, म्हणजे पोर्टच्या वाटीसारख्या भागात, बघा. गाइडचं (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीचं) भोक मशीनवर मारलेलं असतं, भोवतीचा बॉस कोअरने आलेला असतो. भोक बॉसच्या मधोमध नसेल, एका कडेला धातू जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ दिसत असेल, तर पोर्टही तितकाच सरकलाय.

नंतर अल्ट्रासोनिक गेज, म्हणजे आवाजाच्या लहरींनी भिंतीची जाडी मोजणारं यंत्र. तो स्टीलवर सेट असेल तर अ‍ॅल्युमिनियमची ५ मिमी भिंत ४.७ च्या आसपास दाखवतो. व्हर्नियर पोचेल अशी त्याच हेडवरची जागा मोजून त्यावर गेज सेट करा. पोर्टच्या आतल्या वळणाचा तळ, समोरचं छत आणि बाऊलचा घेर, या तीन जागा सोडू नका. घासून झाल्यावर ३ मिमीपेक्षा कमी उरणार असेल तर तिथे ग्राइंडर लावू नका.

चेंबर, म्हणजे हेडातली इंधन जळायची पोकळी, ब्युरेटने (खुणा केलेल्या काचेच्या नळीने द्रव ओतून) मोजा. सिलेंडर ३०० सीसीचा आणि पिस्टन वर असताना त्याच्या वरची एकूण जागा ३३.३ सीसी असेल तर कॉम्प्रेशन १०:१ होतं. ओतकामात चेंबर १.५ सीसी लहान आला की तेच १०.४ वर जातं.

कडकपणा तर तपासाच. एलएम२५ (हेडासाठी वापरतात तो अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू) ओतल्यासारखंच असेल तर ५५ ते ६५ ब्रिनेल (कडकपणाचं माप), पूर्ण हीट ट्रीटमेंट झालेलं ९० ते ११०. हीट ट्रीटमेंट झालेलं वापरलेलं हेड ६० दाखवत असेल तर ते कधीतरी जबर तापलंय. अशा हेडात सीट सैल होते, पोर्ट कितीही चांगला असू दे. वेल्डिंग केलेल्या जागीही हाच मऊपणा येतो.

आता उद्यमबागेचं. आपल्याकडच्या बऱ्याच फाउंड्र्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या). बिडाच्या पॅटर्नवर अ‍ॅल्युमिनियम ओतून द्या म्हणू नका. बीड मीटरला साधारण १० मिमी आटतं, अ‍ॅल्युमिनियम १३ मिमी. ४०० मिमी लांब हेडात १.२ मिमी फरक पडतो; बोल्टची भोकं मशीनवर जागेवर येतील, पोर्ट मात्र येणार नाहीत. अ‍ॅल्युमिनियमचं काम करणाराच गाठा आणि डिगॅसिंग (वितळलेल्या धातूतला वायू काढणं) कशाने करता ते आधी विचारा. आपल्या पावसाळ्यात तर नक्कीच: दमट हवेत वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम हायड्रोजन पितं, कोअर ओला राहतो, आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं मशीनिंग झाल्यावरच उघडी पडतात. हीट ट्रीटमेंट ऑर्डरमध्ये लिहून घ्या आणि त्याच हीटचा, म्हणजे एकाच वेळी वितळवलेल्या धातूचा, टेस्ट बार (चाचणीचा तुकडा) मागा.

तुमच्या दोघांपैकी निवडायचं तर, मापं जुळली की मी डायचं घेईन. पोर्ट फार मोठा करायचा असेल आणि कोअर मधोमध असेल तरच वाळूचं. दोन्हीकडे पोर्टिंगनंतर पाण्याच्या वाटा प्लेटने बंद करा, हेड ८० अंशाच्या पाण्यात बुडवा आणि त्या वाटांत २ बार दाबाने हवा द्या. गार हेडात न दिसणारा बुडबुडा गरम झाल्यावर वर येतो.