धाप लागलेल्या बाळाचं पोट

प्रिय डॉक्टर,

दोन-तीन महिन्यांचं बाळ धाप लागून आलं की हात आधी स्टेथोस्कोपकडे जातो, मग नेब्युलायझरकडे. (नेब्युलायझर लावला की आईबापांना बरं वाटतं, हेही त्यामागचं एक कारण!) त्याआधी लंगोट सैल करून पोट बघत जा, धापेचं मूळ यकृतातल्या गाठीतही असू शकतं.

यकृत हाताला लागलं एवढ्यावर मात्र काही ठरवू नकोस. ब्रॉन्किओलायटिसमध्ये (बारीक श्वासनलिकांच्या संसर्गात) फुगलेली फुप्फुसं निरोगी यकृतालाही खाली ढकलतात. म्हणून छातीवर ठोकून त्याची वरची कड शोध. ती खाली सरकली असेल तर यकृत ढकललं गेलंय. वरची जागच्या जागी आणि खालची बेंबीपाशी, तर ते खरोखर वाढलंय. एवढ्या वयाचं बाळ मुख्यतः श्वासपटलाच्या, म्हणजे छाती आणि पोटामधल्या स्नायूच्या पडद्याच्या, जोरावर श्वास घेतं. यकृतातली मोठी गाठ तेच वर रेटते. मग एक्स-रेत त्याचा उजवा घुमट चढलेला, खालचं फुप्फुस दबलेलं दिसतं आणि त्याला न्यूमोनिया म्हणून अँटिबायोटिक सुरू होतं.

धाप लागण्याचा दुसरा मार्ग हृदयातून जातो. यकृतातल्या हिमॅंजिओमामधून (रक्तवाहिन्यांच्या गाठीतून) रक्त इतक्या वेगाने वाहतं की हृदय थकतं. हृदय थकल्यानेही यकृत वाढतं, त्यामुळे इथे फसायला होतं. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाची रचना ठीक असूनही ते फेल होत असेल, तर स्टेथोस्कोप यकृतावर ठेव, रक्ताची सळसळ ऐकू येते का बघ. अंगावरचे लाल डाग, म्हणजे त्वचेवरचे हिमॅंजिओमा, मोज. पाच किंवा जास्त असतील तर यकृताची सोनोग्राफी, डॉपलरसकट (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या तपासणीसकट), करायचीच. सोबत टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी पाठव, कारण या गाठी थायरॉइडचं संप्रेरक निकामी करतात.

एएफपी (यकृताच्या कर्करोगात वाढणारं रक्तातलं प्रथिन) वाढलेलं आलं म्हणून लगेच हिपॅटोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांमधला यकृताचा कर्करोग, लिहू नकोस. नवजात बाळात ते मुळातच प्रचंड असतं, वयाच्या तक्त्याशी ताडून बघ. बायोप्सीची (सुईने गाठीचा तुकडा काढून तपासण्याची) घाई तर नकोच. रक्तवाहिन्यांच्या गाठीत सुई घातली तर रक्तस्राव आवरेनासा होऊ शकतो. शिवाय २००८मध्ये बोर्दोच्या डॉक्टरांनी त्वचेवरच्या हिमॅंजिओमावर प्रोप्रानोलॉल या रक्तदाबावरच्या औषधाचा गुण दाखवला, तेव्हापासून यकृतातल्या अशा अनेक गाठीही औषधाने आकसतात. हृदय थकलेलं असेल तर हे औषध हृदयरोगतज्ज्ञाला विचारूनच सुरू कर.

सीटी किंवा एमआरआयला पाठवताना भूलतज्ज्ञाला आधी स्वतः फोन कर. उताणं निजवलं की गाठीचा भार श्वासपटलावर येतो, त्यात गुंगीचं औषध. बाळाला कसं धरलं की श्वास सोपा जातो, ते आईला विचार आणि केसपेपरवर लिही.

तुझे सर