फ्रान्समधलं नदीकाठचं मध्ययुगीन गाव सासू-सासऱ्यांना घेऊन एका दिवसात बघून होईल का?

तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीने मला लिहायला बसवलं. "सासूबाईंचे गुडघे दुखतात, तर गाडीतूनच बघून, फोटो काढून पुढे गेलं तर चालेल ना?" अहो, मग पोस्टकार्ड विकत घ्या, स्वस्त पडेल.

आधी कामाचं. मुक्काम पॅरिसला आणि हातात एकच दिवस असेल, तर मोरे-स्यूर-ल्वँला जा. गार द लिऑं स्टेशनहून लोकल आहे, तासाभराच्या आत पोचाल. जुन्या वेशी, नदीवरचा पूल, मोठं चर्च, सगळं जवळजवळ. चित्रकार सिस्ले तिथेच राहिला आणि 1899 साली तिथेच वारला. छान गाव आहे. पण "मध्ययुगीन" म्हणताना तुमच्या डोळ्यापुढे जे आहे, म्हणजे कड्यावर चिकटलेली दगडी घरं आणि खाली नदी, ते दक्षिणेला लॉत नदीवर आहे. सँ-सिर्क-लापोपी. पॅरिसहून त्याच्या जवळच्या काओर शहरापर्यंतच रेल्वेने पाच तासांच्या वर जातात, त्यामुळे एका दिवसात विसरा.

आम्ही तूलूझला राहतो, आम्हाला ते गाडीने पावणेदोन-दोन तासांवर. काही वर्षांपूर्वी सासूबाई आल्या होत्या आणि जर्मनीहून माझे दीरही आले. भाऊजी एक्सेल शीट घेऊनच उतरले. सकाळी काओरचा पूल, मग सँ-सिर्क "अर्धा तास", दुपारी रोकामादूर, संध्याकाळी सार्ला. आई गाडीत बसतील, आपण पटकन वर जाऊन फोटो काढू. मी म्हटलं, आईंना विचारलंत का? तर म्हणे, "वहिनी, दगडंच बघायची तर आपल्याकडे किल्ले कमी आहेत का?"

सासूबाई वाईच्या. कृष्णेच्या घाटावर लहानाच्या मोठ्या झालेल्या. नदीपलीकडच्या रस्त्यावरून गाव पहिल्यांदा दिसलं, पाण्यापासून शंभरेक मीटर उंच कड्यावर, तेव्हा भाऊजी फोनची लेन्स पुसत होते आणि आई म्हणाल्या, "अगं, पण ह्यांचा घाट कुठाय? नदी खाली टाकून सगळे वर जाऊन का बसलेत?"

गाव समजून घ्यायचं तर विचारावा असा प्रश्न हाच. वर बसले कारण नदीवरून मालाच्या नावा जायच्या, आणि कडा ज्याच्या ताब्यात त्याची नदीवर नजर. लापोपी, गूर्दों आणि कार्दायाक अशा तीन घराण्यांचे वाडे-गढ्या त्या एका खडकावर होत्या. पुढे 1471 मध्ये अकराव्या लुईने किल्ला पाडायला लावला, उरलंसुरलं 1580 मध्ये आंरी द नवारने, म्हणजे पुढे फ्रान्सचा राजा झालेल्या चौथ्या आंरीने. आज माथ्यावर चार भिंती आहेत. तिथूनच सगळे फोटो काढतात. गल्ल्यांमध्ये मात्र कारागिरांची घरं उभी आहेत, तळमजल्यावर दुकानाची रुंद कमान, वर लाकडी चौकटीची भिंत. इथले कातारी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, दारूच्या पिंपांना लागणाऱ्या लाकडी तोट्या बनवायचे. म्हणजे त्यांचंही पोट शेवटी नदीवरच, कारण काओरची वाइन याच नदीने बोर्दोकडे जायची.

प्रवाहाबरोबर नाव आपोआप जाते. परत वर आणायची तर काठावरून दोराने ओढावी लागते, माणसांनी नाहीतर जनावरांनी. सँ-सिर्कजवळच, याच नदीवरच्या बूझिएस गावापाशी कडा थेट पाण्यात उतरतो, पाय ठेवायला जागा नाही. म्हणून 1840च्या दशकात कडाच आतून कोरून वाट काढली. डोक्यावर खडक, एका बाजूला खडक, दुसरी बाजू नदीकडे उघडी. आई तिथे भिंतीवर हात फिरवत सावकाश चालत होत्या. हत्याराचे व्रण अजून हाताला लागतात. एका ठिकाणी छत इतकं खाली येतं की उंच माणूस नकळत मान वाकवतो. त्या एवढंच म्हणाल्या, "फोडणाऱ्याला मजुरी काय दिली असेल?" मग 1886 मध्ये नदीच्या कडेने रेल्वे आली आणि नावांचा धंदा बसला.

पुढे भिंतीवर मासे, शंख असं कोरीवकाम आहे. भाऊजी खूश, "हे बघा खरं मध्ययुगीन!" ते विसाव्या शतकातलं आहे. वाटही मध्ययुगीन नाही, हे त्यांनी नंतर गूगल करून मला फॅमिली ग्रुपवर ऐकवलं. मान्य. पण खाली गेल्याशिवाय वरचं गाव नुसतं गोंडस दिसतं, कळत नाही.

तेव्हा माझं मत: बूझिएसला गाडी लावा, तिथून कोरलेल्या वाटेपर्यंत जाऊन परत या. वाट सपाट आहे. संध्याकाळी गावात मुक्काम करा. 2012 मध्ये टीव्हीवरच्या मतदानात फ्रेंचांनी याला आपलं आवडतं गाव ठरवलं, त्यामुळे दोनेकशे वस्तीच्या गावात उन्हाळी दुपारी आळंदीसारखी गर्दी असते. संध्याकाळी बसगाड्या गेल्या की गल्ल्या मोकळ्या. आंद्रे ब्रेतों हा कवी 1951 मध्ये इथे घर घेऊन दर उन्हाळ्यात येत राहिला, तो काही अर्धा तास थांबून नाही. दुसऱ्या दिवशी जवळच पेश मेर्लची गुहा बघा, ठिपक्यांच्या घोड्यांची आदिमानवाने काढलेली खरी चित्रं. तिथे रोज मोजकेच लोक सोडतात, आधी बुकिंग करा.

हो, हे राहिलं: वाटेला कठडा नाही आणि पावसात ती निसरडी होते. दरड कोसळली की बंदही ठेवतात, निघण्याआधी चौकशी करा. गाडी नसेल तर काओरहून बस आहे, पण ती नदीपलीकडे तूर-द-फोरला सोडते आणि पुढे चढ. ते सासूबाईंना झेपणार नाही. थंडीत बरंचसं बंद असतं. शाकाहारी असाल तर सांभाळून, या भागात सॅलडमध्येसुद्धा बदक निघतं. बकरीचं चीज आणि अक्रोड चांगले मिळतात. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती.

आणि भाऊजी, तुम्ही हे वाचणारच आहात. आईंचे गुडघे नदीकाठी दुखले नाहीत. दुखले ते वरच्या गावात, चर्चजवळचा दगडगोट्यांचा उतार उतरताना. तिथे फोटोसाठी त्यांना कुणी नेलं होतं, ते ग्रुपवरच्या फोटोंत दिसतंय.